हिरवी रेघ

नकाशा छापणं म्हणजे बटण दाबणं, असं माझ्या सासरच्या माणसांना शेवटपर्यंत वाटत होतं. "कागद आत घालायचा, भाईर काढायचा, त्यात काय येवढं?" हे आमच्या उत्रोलीच्या थोरल्या जाऊबाईंचं मत. चिखलात उभं राहून भाताची लावणी करणाऱ्या बाईनं पंख्याखाली बसून केलेल्या कामाला काम का म्हणावं, हा त्यांचा सवाल रास्तच होता. मी भोरला एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला मोठे नकाशे छापायचं दुकान वीसएक वर्षं चालवलं. सुरुवातीला तालुक्यात असं मशीन दुसरं नव्हतं, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे.

मी आयटीआयची ड्राफ्ट्समन. आमच्या वेळी पाठ मोडेपर्यंत टेबलावर ओणवं राहून शाईच्या पेनांनी नकाशे ट्रेस करायचे. एक डाग पडला की ब्लेडनं खरवडायचा. मग कॉम्प्युटर आले, इंजिनिअर कॅडवर नकाशे काढू लागले, आणि तीन फूट रुंदीचा कागदाचा रोल लावून ते छापणारा प्लॉटर मी घेतला. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात पुण्याच्या लोकांचे बंगले उठायला लागले होते. कापूरहोळला हायवे सोडून गाडी आत वळली की पहिला थांबा माझं दुकान, असं कितीतरी दिवस चाललं.

बाहेरच्या माणसाला हे काम थोडं समजावून सांगते. इंजिनिअर पडद्यावर नकाशा काढतो तो रंगीत रेघांनी. भिंती एका रंगात, खिडक्या दुसऱ्या, मापं तिसऱ्या. हे रंग शोभेचे नसतात. कुठल्या रंगाची रेघ कागदावर किती जाड उमटवायची, काळी की करडी, सलग की तुटक, हे सांगणारी एक वेगळी यादी असते. आम्ही तिला पेनांची यादी म्हणायचो. नकाशाच्या फाईलसोबत ती पाठवायची असते, आणि दहातले नऊजण पाठवत नाहीत. मग फोन करा, साहेब मीटिंगमध्ये, साहेब जेवतायत, साहेबांना रेंज नाही. तोवर दुकानात रांग आणि बाहेर जीपवाल्याचा हॉर्न. वर लाइट कधी जाईल याचा नेम नाही.

म्हणून मी माझी स्वतःची यादी बनवली. फाईल कोणाचीही येवो, तिला माझीच यादी लावायची. शीट आडवं टाकून कागद वाचतो की उभं, दोन छोटी शीटं एका रुंदीत बसतात का, हे मला नुसतं बघून कळायचं. दहा शीटांचा संच मी एका दमात रांगेला लावायची आणि पहिलं बाहेर पडेपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलत असायची. पुण्यात दोन तास बसवून ठेवतात, म्याडम अर्ध्या तासात मोकळं करतात, अशी माझी ख्याती होती. मला तिचा गर्व होता.

माणसं एकेक नमुन्याची यायची. एका कंत्राटदारानं कॉम्प्युटरच्या पडद्याचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला आणि म्हणाला, दरवाजाएवढा करून द्या. फोटोत त्याचा स्वतःचा अंगठाही आला होता. भोंगवलीच्या एका सद्गृहस्थांना भावाच्या आणि त्यांच्या बांधाची रेघ "उलीशी पलीकडं" सरकवून हवी होती. मी म्हटलं, मी छापते, वाटण्या करत नाही. ते रागावून गेले आणि आठ दिवसांनी दुसऱ्या कामासाठी हसत आले.

आमच्या उत्रोलीचेच एक म्हातारे होते. नव्या घराचा नकाशा त्यांनी चारदा बघितला आणि म्हणाले, "सूनबाई, ह्यातलं मला काय कळंना. सैपाकघर खऱ्या मापाचं काढून दे." खऱ्या मापाचं म्हणजे भिंतीला भिंत. मी काढलं. आठ फूट लांबीच्या चार पट्ट्या, खळ्यावर अंथरून कडेला दगड ठेवले. त्यांची बायको चपला काढून त्या कागदावर उभी राहिली, ओट्यापाशी गेली, वळली, आणि म्हणाली, "सकाळच्याला ऊन डोळ्यात येतंय की हितं." ओटा दुसऱ्या भिंतीला गेला. माझ्या सगळ्या धंद्यात मला सर्वांत आवडलेलं काम ते. इथपर्यंत लिहून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

साइटवरच्या मिस्त्र्यांची माझ्याकडे एक तक्रार असायची. तुटक रेघा दिसत नाहीत. कागद चौघडी घालून खिशात ठेवायचा, घामानं भिजायचा, उन्हात बघायचा. बारीक तुटक रेघ पुसूनच जायची. "म्याडम, रेघ दावा की नीट," म्हणायचे. बहुतेक नकाशांत हिरवी रेघ ही खांबांच्या मध्यातून जाणारी नुसती आखणीची रेघ असते. ती तुटक असली काय नि सलग असली काय, कोणाचं काही बिघडत नाही. तेव्हा मी माझ्या यादीत एकदाच लिहून टाकलं: हिरवी रेघ मुळात कशीही असो, कागदावर काळी, जाड, सलग. मिस्त्री खूश. मीही खूश, कारण जाब विचारणारं एक तोंड कमी झालं. चार-पाच वर्षं ती यादी तशीच चालली आणि कोणाचा केसही वाकडा झाला नाही.

बबन मिस्त्री त्या मिस्त्र्यांतले एक. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वस्तीवर त्यांचं घर. घरात शेळ्या-मेंढरांचा धंदा. बबन मात्र पोरवयात गवंड्याच्या हाताखाली गेले आणि पंचविशीत मिस्त्री झाले. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षर वाचता यायचं नाही, पण नकाशा बघून बिल्डिंग डोळ्यांपुढे उभी करायचे. त्यांचा धाकटा भाऊ सोपान त्यांच्याच हाताखाली सेंटरिंगचं काम करायचा, म्हणजे स्लॅबखाली फळ्या आणि टेकू लावायचं. दोघंही दुकानात चपला बाहेर काढून यायचे. मी कितीदा सांगितलं, नका काढू.

तीन वर्षांपूर्वी वेल्ह्याकडे पुण्याच्या एका मालकाचा बंगला चालला होता. मालकांना दरी बघायची होती, म्हणून वरच्या मजल्याला सात फूट बाहेर निघालेली गॅलरी, खाली खांब नाही. इंजिनिअर पुण्याचा, तरुण मुलगा. त्यानं फाईल पाठवली आणि निरोप लिहिला, यातलं पहिलं शीट आज काढा, उभ्या छेदाचं दुसरं शीट दुरुस्त करून पाठवतो. पेनांची यादी अर्थातच नव्हती. मी माझी लावली.

बबन मिस्त्री शीट घ्यायला आले. दुकानात एक सर्व्हेअर आणि आणखी दोघं खोळंबलेले. मिस्त्रींनी शीट काउंटरवर पसरलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"म्याडम, ही गॅलरी सात फूट भाईर हाय."

"मग?"

"आमी आशा गॅलरीला लोखंड वरल्या अंगाला बांधतो. हितं तर खालच्या अंगाला दावल्यावानी वाटतंय."

मी वाकून बघितलं. शीटच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजीत टीप होती: सलग रेघ म्हणजे खालचं लोखंड, तुटक रेघ म्हणजे वरचं. गॅलरीवरची रेघ सलग होती. काळी, जाड, ठसठशीत.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "सलग रेघ म्हणजे खालचं. लिहिलंय इथं."

"सायबांला इचारतो."

त्यांनी माझ्यासमोर दोनदा फोन लावला. कोणी उचलला नाही. छेदाचं दुसरं शीटही अजून आलं नव्हतं. स्लॅबची गँग दोन दिवसांवर आली होती आणि लोखंड बांधायचं राहिलं होतं. ते पुन्हा कागदाकडे बघायला लागले. सर्व्हेअरनं घड्याळ बघितलं, आणि मला मिस्त्रींचा राग आला. खरं तेच सांगते, राग आला.

मी म्हटलं, "मिस्त्री, शिकलेल्या माणसानं कॉम्प्युटरवर हिशोब करून काढलंय. आपण कशाला त्यात डोकं घालायचं? कागदावर आहे तसं करा."

"बरं," ते म्हणाले. कागदाची चौघडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

हे मला माहीत नव्हतं, अशातला भाग नाही. हात आडवा पुढे धरून मुठीत भरलेली बादली घेतली तर ताण खांद्याच्या वरच्या अंगाला पडतो, खालच्या नाही. बाहेर निघालेल्या गॅलरीचं तसंच. ताण वर, म्हणून लोखंड वर. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला मी हे वहीत काढलं होतं आणि त्यावर मास्तरांनी शेरा दिला होता, उत्तम. चौथी शिकलेला माणूस मला तेच सांगत होता, आणि मी कोपऱ्यातली टीप वाचत होते.

तीन आठवड्यांनी टेकू काढले. सोपान गॅलरीखाली होता. शेवटचे दोन टेकू निघाले आणि गॅलरी भिंतीपासून मोडून खाली आली. त्याला जीपमध्ये घालून दवाखान्याकडे निघाले, पण नसरापूरपर्यंतसुद्धा तो पोचला नाही. वय बत्तीस.

मला ही बातमी दुकानात आलेल्या दुसऱ्या मिस्त्रीनं सांगितली. त्याला सांगता सांगता हुंदका आला. मी बसल्या जागेवरून त्या बंगल्याची फाईल उघडली. पडद्यावर गॅलरीच्या रेघा हिरव्या होत्या. हिरव्या आणि तुटक. त्या मुलानं वरच्या लोखंडाला हिरवा रंग वापरला होता. कोणी कुठला रंग कशाला वापरावा याचा कायदा नाही. त्याचा नकाशा बरोबर होता. मी फाईल बंद केली आणि त्या माणसाला पाणी दिलं.

दहाव्यानंतर बबन मिस्त्री दुकानात आले. दुपारची वेळ, दुकानात आम्ही दोघंच. डोकं भादरलेलं. चपला बाहेर काढल्या होत्या. खिशातून त्यांनी तो कागद काढला आणि काउंटरवर उलगडला. सिमेंटचे डाग, घड्यांवर विरलेला.

"म्याडम, उंद्या माझा जबाब हाय. सायब म्हंत्यात, त्यांच्या कॉम्प्युटरवर रेघ तुटक हाय, म्याच वाचाया चुकलो. घरी आई म्हंत्ये, तुजं तुला न्हाई कळलं तर मिस्त्री कशाला झालास, माझं लेकरू मारलंस. मला दुसरं काय नगं. रेघ तुटक व्हती का सलग, येवढंच सांगा."

एवढंच सांगायचं होतं. "सलग होती, मी केली होती," चार-पाच शब्द. माझ्या मनात त्या वेळी काय काय आलं ते लपवत नाही. पोलीस आले, दुकानाला कुलूप, मुलीचं लग्न ठरत आलेलं, उत्रोलीत तोंड कसं दाखवायचं. सोपान आला नाही मनात. तो नंतर आला, आणि अजून येतो.

मी फाईल उघडून पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुटक आहे, मिस्त्री," मी म्हणाले. "कागदावर घडी पडून, ओल लागून दिसली नसेल नीट."

त्यांनी पडद्याकडे बघितलं. मग कागदाकडे. त्या कागदावर तुटक रेघ सलग दिसायला घडी पुरली नसती, हे शाळकरी मुलालाही कळलं असतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ पुसत होते.

"बरं," ते म्हणाले. कागद तिथंच काउंटरवर ठेवून ते गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जबाब दिला की नकाशा वाचण्यात आपल्याकडून चूक झाली. कागद कुठंय, तर म्हणाले, भिजून फाटला. माझ्याकडे आपण काही विचारलं होतं, मी काही उत्तर दिलं होतं, याचा त्यात एक शब्द नव्हता. प्रकरण वर्षभरात थंड झालं. इंजिनिअरला दोष नव्हता, मालकांनी दुसरा ठेकेदार आणला, गॅलरी पुन्हा झाली. बबन मिस्त्रींना त्यानंतर कोणी थापी हातात घ्यायला बोलावलं नाही. ते वस्तीवर शेळ्या राखतात, असं कानावर यायचं. आई त्यांच्याशी बोलत नाही, ताटात भाकरी तेवढी वाढते, हेही यायचं. सांगणारा सहज सांगून जायचा; त्याला काय माहीत तो कोणाला सांगतोय.

सोपानची बातमी आली त्या रात्रीच मी यादी दुरुस्त केली होती. त्यानंतर दोन वर्षं दुकान चालवलं, पण कामात जीव राहिला नाही. प्रत्येक फाईलची प्रत्येक रेघ पडद्याशी पडताळून बघायची. म्याडम आता पहिल्यासारख्या फास्ट राहिल्या नाहीत, असं लोक म्हणायला लागले. शेवटी मशीन विकलं. मुलीचं लग्न झालं होतं. भ्यायला तसं काही उरलं नव्हतं, आणि तरी मला आणखी सहा महिने लागले. यंदा उन्हं तापायच्या आधी मी एसटीनं वेल्ह्याला गेले आणि तिथून जीपनं वस्तीच्या फाट्याला उतरले. तो कागद पिशवीत होता.

बबन मिस्त्री अंगणात शेळीच्या खुराला औषध लावत होते. मला बघून उठले, हात धोतराला पुसले. "या म्याडम," म्हणाले, जणू मी दर आठवड्याला येते. त्यांची आई ओट्यावर सूप घेऊन नाचणी पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

मी बसलेसुद्धा नाही. बसले असते तर चहा आला असता आणि मग तोंडातून शब्द निघाला नसता. म्हातारीला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. की कागदावर रेघ सलग होती. ती माझ्या मशीननं सलग केली, मी तसं ठरवून ठेवलं होतं म्हणून. की बबन मिस्त्री वाचायला चुकले नाहीत. "मावशी, उलट ते मला म्हणाले होते, लोखंड वर पाहिजे. दोनदा फोन लावला त्यांनी. मीच म्हटलं, कागदावर आहे तसं करा. तुमच्या मुलाचा दोष नाही, दोष माझा आहे." सांगताना मी रडत होते. कागद काढून मी ओट्यावर ठेवला.

मिस्त्री पहिल्याच वाक्याला हात वर करून मला थांबवू बघत होते. मला वाटलं, ते भिडेनं करतायत.

सूप थांबलं. म्हातारीनं कागदाकडे बघितलंच नाही. तिनं मुलाकडे बघितलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"म्हंजी तुला ठावं व्हतं?"

मिस्त्रींनी वाकून शेळीचा खूर पुन्हा हातात घेतला.

"लोखंड वर पायजे, त्ये तुला ठावं व्हतं? आन तरीबी खाली घातलंस? आन सोपानाला त्याच्याखाली धाडलंस?"

"मावशी, मीच त्यांना..." मी पुढे झाले.

"तुमी ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "तुमाला म्या वळखत न्हाई. ह्येला म्या पोटात वागवलाय." सूप तिथंच टाकून ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मिस्त्री मला फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत मी पुन्हा पुन्हा माफी मागत होते. ते शेळीच्या औषधाचा हात गवतानं पुसत चालले होते. फाट्याला आल्यावर थांबले.

"आईला म्या सांगितलं व्हतं, मला कळलं न्हाई म्हून," ते म्हणाले. "अडानी हाय, चुकला, आसं समजून भाकरी वाडीत व्हती." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमचा कागद सलग हाय, त्ये म्या त्याच दिशी तुमच्या दुकानात बगितलं व्हतं. तुमाला बी ठावं, मला बी ठावं. पर मला कळत व्हतं, ह्ये तिला ठावं न्हवतं, त्येवढंच माझ्यापाशी ऱ्हायलं व्हतं."

खालून जीप येताना दिसली. त्यांनी हात करून ती थांबवली, माझ्यासाठी मागचं दार उघडलं, आणि मी बसल्यावर ते लावताना म्हणाले, "तुमचं मन मोकळं झालं न्हवं, म्याडम? मंग बरं."